नेटची वाट सगळ्यांना सारखी

मंडळी, आपण दर महिन्याला फोनचे रिचार्ज करतो. दुकानदाराला पैसे देतो. तो फोनवर चार बोटे फिरवतो आणि म्हणतो, ‘झालं, भाऊ.’ आपण घरी येतो. पण त्या पैशांत आपण नेमके काय विकत घेतले, याचा विचार कधी केला आहे का?

कोणी म्हणेल, त्यात काय विचार करायचा? नेट घेतलं. बरोबर आहे. पण नेट म्हणजे काही साखर नव्हे, की किलोभर तोलली आणि पिशवीत घातली. नेट ही एक वाट आहे. ती आपल्या हातातल्या फोनपासून निघते आणि दूरदूरच्या संगणकांपर्यंत जाते. त्या वाटेने आपण किती ओझे ने-आण करणार, त्याचे भाडे म्हणजे रिचार्ज. दीड जीबी, दोन जीबी म्हणतात ते त्या ओझ्याचे माप.

आता वाट म्हटली की भांडण आलेच. पांदण रस्त्याची भांडणे आपल्याला कोणी शिकवायला नकोत. एकाने काटे टाकले की मागच्या दहा वावरांच्या बंड्या अडतात. पेरणीचे दिवस असले तर जिवाला घोर लागतो. नेटच्या वाटेवरही असे काटे टाकता येतात. काही वर्षांपूर्वी तशी वेळ आली होती. ती कशी टळली आणि आपल्या घरच्या फोनशी तिचा काय संबंध, हे या पाठात पाहू.

माहिती येते कशी?

समजा, चिखलीकडच्या एका बाईंना खामगावच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव फोनवर बघायचा आहे. त्यांनी बोट लावले. फोनमधून लहरी निघाल्या. त्या गावाजवळच्या टॉवरने पकडल्या. पुढे जमिनीखालून केसासारख्या बारीक काचेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांतून उजेडाच्या रूपाने निरोप धावतो. धावत धावत तो मोठ्या शहरातल्या, कधी परदेशातल्याही संगणकापाशी पोचतो. तिथे भाव लिहून ठेवलेला असतो. तो तशाच वाटेने परत येतो. एक घोट पाणी प्यायच्या आत हे सगळे होते.

निरोप मात्र अख्खा येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. कोणाकडून निघाला, कोणाकडे चालला. अगदी पोस्टकार्डासारखे. पोस्टमन पत्ता बघतो आणि कार्ड पोचवतो. त्यात लग्नाची बातमी आहे की सावकाराचा तगादा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

परंतु पत्ता वाचता येतो, म्हणजे भेदही करता येतो. टॉवर आणि तार ज्या कंपनीच्या हाती, तिला कळू शकते की हा तुकडा अमक्याच्या ॲपकडून आला आणि तो तमक्याच्या. मग तिने मनात आणले तर? एखादे ॲप ती पार अडवील. एखादे मुद्दाम हळू करील. गोल चाक फिरत राहते, आपण कंटाळतो आणि दुसरीकडे वळतो. ‘व्हिडिओ कॉल करायचा तर वेगळे पैसे टाका,’ असेही म्हणेल. किंवा उलट करील. ज्याच्याशी तिचा सौदा जमला त्याचे ॲप फुकट ठेवील आणि बाकीच्यांना पैसे लावील.

यांतले काही करायचे नाही, कोणाचाही तुकडा असो, त्याला सारखे वागवायचे, या नियमाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. मराठीत नेटची तटस्थता म्हणा. टिम वू नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने २००३ साली हे नाव रूढ केले. नाव अवघड आहे खरे. पण गोष्ट त्याच्याही फार आधीची आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला माणूस ती सहज ओळखील.

खामगावची गाडी

१८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी स्वतः आला होता. बारा-तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी एवढा मोठा साहेब कशाला येईल? कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारातून मुंबईला आणि तिथून विलायतेला जात असे.

रेल्वे आली आणि एक नवी गोष्ट घडली. बैलबंडीला दहा वाटा असतात. एक अडली तर दुसरी धरता येते. रुळांचे तसे नाही. रूळ एकच, आणि तो ज्याच्या हाती त्याचीच सत्ता. समजा, रेल्वेने एका व्यापाऱ्याच्या गाठी आज भरल्या, आणि दुसऱ्याच्या फलाटावर पावसात भिजत ठेवल्या. किंवा पहिल्याला निम्मे भाडे लावले. दुसरा व्यापारी किती दिवस टिकेल? तो बुडाला की बाजारात गिऱ्हाईक एकच उरते. मग तो सांगेल तो भाव. तोटा शेवटी कोणाचा? ज्याच्या घरात पऱ्हाटीचा कापूस पडून आहे त्याचा.

म्हणून १८९० सालच्या रेल्वे कायद्यात ४२ वे कलम घातले गेले. रेल्वेने कोणा एका माणसाला किंवा त्याच्या मालाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये, असा त्याचा आशय. कायदा इंग्रजांचा होता. तो त्यांनी आपल्या कल्याणासाठी केला, असे आम्ही म्हणत नाही. पण तत्त्व चोख होते. आपल्या स्वतंत्र देशाने १९८९ साली रेल्वेचा नवा कायदा केला, त्यातही ७० व्या कलमात हीच बंदी ठेवली आहे. वजन बघा, अंतर बघा, माल कोणत्या जातीचा ते बघा आणि भाडे घ्या. मालकाचे तोंड बघून घेऊ नका.

फोनची कंपनी आज त्या रुळांच्या जागी आहे. खेड्यात तर ही गोष्ट अधिकच खरी. शहरात चार कंपन्यांची रेंज असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात एकीचीच आली तरी नशीब.

फुकटाची गोष्ट

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेल कंपनीने जाहीर केले, की नेटवरून केलेल्या फोनला वेगळे पैसे पडतील. आपण पुण्याला, सुरतेला गेलेल्या पोराशी व्हॉट्सॲपवर बोलतो, त्या जातीचे ते फोन. डेटाचे पैसे एकदा भरलेच आहेत, मग पुन्हा कशाचे? लोकांनी ओरड केली. काही दिवसांतच कंपनीने तो बेत मागे घेतला.

जादा पैसे मागितले की माणूस लगेच ओरडतो. फुकट दिले की ओरडत नाही. म्हणून पुढची गोष्ट कळायला अधिक कठीण आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपनीबरोबर एक योजना आणली. सुरुवातीच्या सहा राज्यांत आपला महाराष्ट्र होता. त्या कंपनीचे सिम असेल तर तीसेक वेबसाइट फुकट उघडायच्या. एक पैसाही कटायचा नाही. त्यांत हवामान होते, बातम्या होत्या, नोकऱ्या होत्या आणि फेसबुक तर होतेच. पुढे त्याच वर्षी योजनेचे नाव ‘फ्री बेसिक्स’ ठेवले. एप्रिलमध्ये एअरटेलनेही ‘एअरटेल झिरो’ काढले. त्यात ॲपवाल्याने कंपनीला पैसे द्यायचे, म्हणजे ते ॲप गिऱ्हाइकाला फुकट.

फोन कंपन्यांवर देखरेख करायला सरकारने १९९७ साली एक प्राधिकरण नेमले आहे. त्याला ट्राय म्हणतात. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने या विषयावर लोकांचे म्हणणे मागवले. महिन्याभरात दहा लाखांच्या वर ई-मेल गेले. एवढी पत्रे येतील असे ट्रायलाही वाटले नसेल. त्याच धामधुमीत फ्लिपकार्ट या दुकानदार कंपनीने एअरटेल झिरोतून अंग काढून घेतले.

डिसेंबरात ट्रायने दुसऱ्यांदा विचारले. या वेळी प्रश्न नेमका होता. वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळा दर लावू द्यावा का? फेसबुकने मोठमोठ्या जाहिराती दिल्या. फेसबुक उघडले की पाठिंब्याचा तयार निरोप समोर येई; बोट लावले की ट्रायकडे जाई. असे लाखो निरोप गेले. ट्रायने मागाहून सांगितले, की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच त्यांत नाहीत.

२८ डिसेंबर २०१५ रोजी फेसबुकचे मालक मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्यात दाखला दिला तो महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर हवामान बघतो आणि पावसाची तयारी करतो. मालाचे भाव बघून चांगला सौदा करतो. आता तो नवी पिके आणि जनावरे यांत पैसे घालतो आहे. या शेतकऱ्याला नेट मिळू नये, असे कोणी का म्हणावे, असा लेखकाचा सवाल होता.

दाखला गोड आहे. शेतकऱ्याचे भले झाले असेल तर आनंदच आहे. पण आम्हाला त्यावर काही विचारावेसे वाटते. त्या शेतकऱ्याने हवामान बघितले ते कोणाचे? यादीत जे होते ते. त्याहून चांगला, आपल्या तालुक्याचा अंदाज देणारा दुसरा कोणी असता तर? तो यादीत नसता तर शेतकऱ्याला दिसलाच नसता. बोंडअळी कशी ओळखावी याचा व्हिडिओ त्याला हवा असता तर? फ्री बेसिक्सवर व्हिडिओ चालत नसत. शिवाय सगळी ये-जा फेसबुकच्या संगणकांतून होत असे. म्हणजे वाट फुकट, पण वेशीवर दरवान बसलेला. कोणाला आत घ्यायचे त्याचे नियम दरवानाचे, आणि कोण कुठे गेला ते बघणाराही तोच.

असे समजा, की मेहकरहून खामगावला जायला एस.टी. फुकट केली. छान झाले. पण गाडी फक्त एकाच अडत्याच्या दारात थांबते. बाकी कुठे उतरायचे तर तिकीट पूर्ण. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो उतरून चार ठिकाणी भाव विचारील. ज्याच्याकडे नाहीत तो त्याच दारात माल टाकील. दारावरच्या पाटीवर ‘गरिबांसाठी मोफत’ असेच लिहिलेले असेल.

यावर आमच्या वर्गांतून एक प्रश्न हटकून येतो. ‘पण भाऊ, अर्धी भाकर तर मिळत होती ना? तुमच्या तत्त्वापायी तीही गेली.’ प्रश्न खरा आहे. त्याला हसण्यावारी नेऊ नये. ज्या घरात रिचार्जला पैसे नाहीत त्या घराला तीस वेबसाइट म्हणजे पुष्कळ झाल्या. आमचे उत्तर असे, की भाकर अर्धी होती म्हणून तक्रार नव्हती. ती घेतल्यावर दुसऱ्या चुलीकडे जायची वाट महाग होत होती, ही तक्रार होती.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसापाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगतात. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद या पाठात नको. पण ते ऐकायला सारा जिल्हा कान लावून असतो, घाटावरचा आणि घाटाखालचाही. आता गावातला एखादा पोरगा तिथून फोनवर व्हिडिओ घेतो आणि नेटवर टाकतो. मुंबईचे मोठे चॅनलही टाकते. नेटच्या वाटेवर दोघांचे तुकडे सारख्या वेगाने येतात आणि बघणाऱ्याला सारखेच ओझे मोजावे लागते. मोठे चॅनल फुकट आणि पोराचा व्हिडिओ विकत असता, तर त्याचा कोणी बघितला असता का? बचत गटाच्या बायांनी पापड विकायला पान काढले, शेतकऱ्यांच्या कंपनीने तूर विकायला ॲप केले, तरी गोष्ट तीच. मोठ्या कंपनीला फोनवाल्याशी सौदा करता येतो. पापडवाल्या बायांना येत नाही.

निकाल काय लागला?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम जाहीर केला. तेव्हा राम सेवक शर्मा हे अध्यक्ष होते. नियम असा, की कोणत्याही कंपनीने नेटवर काय बघितले त्यावरून वेगवेगळा दर लावू नये. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. पूर, भूकंप अशा संकटात मदतीची सेवा स्वस्त किंवा फुकट देता येईल, एवढी सवड ठेवली. तीनच दिवसांनी फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून उठवले.

दर सारखा झाला, पण अडवणे आणि हळू करणे राहिले होते. त्याबद्दल ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्या मान्य केल्या आणि कंपन्यांच्या परवान्यांत तशी अट आली.

मग गरिबाच्या नेटचे काय झाले? ते फुकट यादीतून आले नाही, स्पर्धेतून आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनी उतरली. पहिले काही महिने तिने नेट फुकट दिले. हे नियमाविरुद्ध का नव्हते? कारण तिने अख्खी वाट मोकळी दिली होती. ठरावीक घरांपुरती नव्हे. मग बाकीच्यांनाही दर उतरवावे लागले. ट्रायच्या हिशेबाने २०१४ साली १ जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. २०१८ साली १२ रुपयांच्या आत आले. त्यानंतर रिचार्ज पुन्हा महागले आहे, हे आम्हाला आणि तुम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. तटस्थतेचा नियम भाव किती ते ठरवत नाही. भाव सगळ्यांच्या ॲपला एकच असावा, एवढेच तो सांगतो.

त्याने रेंजही येत नाही. शेगावला यात्रेच्या दिवशी फोन अडखळतो, तो एका टॉवरवर हजारो माणसे आल्यामुळे. रोजचा डेटा संपला की नेट रांगू लागते. तेही सगळ्याच ॲपना सारखे लागू असते, म्हणून नियमात बसते. दंग्याधोप्यात सरकार नेट बंद करते, त्याचे कायदे निराळे आहेत.

हा नियम कायमचा कोरलेला आहे, असे मात्र समजू नका. अमेरिकेत २०१५ साली असा नियम झाला. २०१७ साली तो काढला. २०२४ साली पुन्हा आणला, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केला. आपल्याकडेही २०२३ साली फोन कंपन्यांनी मागणी केली, की मोठ्या ॲपवाल्यांनी आमच्या तारा-टॉवरच्या खर्चाला हातभार लावावा. त्यांचे ॲप आमची वाट भरून टाकतात, असे त्या म्हणतात. म्हणणे अगदीच पोकळ नाही. टॉवरला खर्च येतोच. पण ती वाट ॲप आपल्या मनाने भरत नाही. आपण पैसे भरून मागवतो म्हणून माल येतो. एकदा ॲपवाल्याकडून पैसे घेतले, की जो देईल त्याचे तुकडे पुढे काढण्याचा मोह सुटणार नाही, असे आम्हाला वाटते.

संशय आला तर

तुमच्या फोनवर एखादे ॲप सतत अडते आहे असे समजा. आधी दुसरी दोन-तीन ॲप उघडून बघा. सगळीच हळू असतील तर दोष रेंजचा किंवा संपलेल्या डेटाचा. एकच ॲप अडत असेल तर शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तेच उघडून बघा. तिथेही अडले तर ॲपच बिघडले असेल. तिथे सुरळीत चालले आणि तुमच्याकडे रोज अडले, तर विचारायला हरकत नाही. दुकानदाराने ‘या पॅकमध्ये अमुक ॲपला डेटा लागत नाही’ असे सांगितले तरी विचारा. नुसते ॲपचे वर्गणीपत्र फुकट आहे, की त्याचा डेटाही मोजत नाहीत? पहिले चालते. दुसरे नियमात बसत नाही.

तक्रार आपल्या कंपनीकडेच करायची. फोनवरून १९८ लावा. पैसे पडत नाहीत. तक्रार सांगितली की ते एक क्रमांक देतात. तो मागून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. क्रमांक नसेल तर पुढे कोणी दाद देत नाही. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला फी नाही. मुदत ३० दिवसांची असते, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.